खिशातला चाकू दाखवा! माल भरण्याआधी मी विचारायला हवा होता तो प्रश्न

मागच्या व्हिडिओत काउंटरवर तीन चाकू आणि एक अडकित्ता मांडून ठेवला होता. वेळ कमी पडला म्हणून त्यांची गोष्ट अर्धवट राहिली, ती आज सविस्तर लिहितोय. विषय छोटा वाटेल, पण यात माझे 14,850 रुपये अडकले होते.

झालं असं. वरकुट्यातल्या माझ्या शेती अवजारांच्या दुकानात फोल्डिंग चाकू ठेवावेत असं मनात आलं. काळी मूठ, चकचकीत पातं, सोबत बॉटल ओपनर आणि छोटी टॉर्च. होलसेलमध्ये 450 रुपयांना एक, असे 40 नग उचलले. म्हणजे 18,000 रुपये. स्टेटसला स्लो मोशनमध्ये चाकू उघडतानाचा व्हिडिओ टाकला. आठ महिन्यांत विकले गेले सात.

पैसे अडकले याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त टोचलं ते दुसरंच. तो व्हिडिओ बघून आले कोण? गाडीवर तिघं बसून आलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं. "दादा, झटक्यात उघडणारा नाही का? बड्डेला पाहिजे." तलवारीने, कोयत्याने केक कापून रील टाकायची आणि मग पोलीस ठाण्यात माफीचा व्हिडिओ करायचा, हा प्रकार आपल्याला नवा नाही. मी त्यांना दिला नाही. पण विचार करा, माझ्या जाहिरातीने हेच गिऱ्हाईक बोलावलं होतं. बागायतदार एकही आला नव्हता!

मग मी एक साधं काम सुरू केलं. चहाला थांबलेल्या प्रत्येकाला विचारायचं, "मामा, खिशात चाकू आहे का? दाखवा की." आणि मित्रांनो, मजा म्हणजे लोक आनंदाने दाखवतात. एकाने काढला की शेजारचा म्हणतो, थांब, माझा बघ. अर्धा-अर्धा तास चर्चा चालायची. मी फक्त ऐकत होतो आणि वहीत लिहीत होतो.

पहिल्यांदा एका आबांनी चंची सोडली. पान, सुपारी, कात, चुन्याची डबी आणि अडकित्ता. "वडिलांचा आहे. दोनदा खिळा बदललाय, बाकी तोच." आपल्याकडचं खिशातलं खरं जुनं हत्यार हेच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नाना आकारांचे अडकित्ते मांडलेत, वेळ काढून बघा. धंद्याच्या नजरेने आबांचं वाक्य परत वाचा. त्यांना कौतुक नक्षीचं नव्हतं, खिळा बदलता येतो याचं होतं. माझ्या 450 वाल्या चाकूचा स्क्रू ढिला झाला तर तो आवळायचा कशाने, हे मलाच माहीत नव्हतं.

दुसरा द्राक्षाची कलमं बांधणारा कारागीर. त्याचा चाकू दिसायला अगदी गबाळा. जुन्या हेक्सा ब्लेडचं पातं, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी. पण त्याने धार दाखवली आणि माझे डोळे उघडले. एकाच बाजूने घासलेली, दुसरी बाजू सपाट. डॉगरिजच्या खुंटावर पाचर कलम करताना काडीला दोन्हीकडून तिरपा, सपाट काप लागतो. काप खडबडीत आला तर काडी आणि खुंट नीट चिकटत नाहीत आणि कलम मरतं. त्याची मजुरी जगलेल्या कलमांवर ठरते, म्हणजे चाकूची धार हीच त्याची कमाई. माझं पातं दोन्ही बाजूंनी घासलेलं होतं. टॉर्च होती, पण काप नव्हता!

तिसरा डाळिंबवाला. गुटी बांधायला सालीची गोल पट्टी काढावी लागते, साधारण अडीच-तीन सेंटिमीटरची. त्याला पातं लहान हवं आणि टोक बेताचं, नाहीतर आतल्या लाकडाला इजा होते. तो म्हणाला, "एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना मी पातं औषधात बुडवतो." तेल्या रोग हत्यारावाटेही पसरतो, म्हणून छाटणीची कात्री-चाकू सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायला सांगतात. म्हणजे चाकूशेजारी काय ठेवायचं, हेही गिऱ्हाइकानेच सांगितलं.

स्टीलवरूनही वाद झाला. स्टेनलेसला गंज लवकर चढत नाही, पण साध्या दगडावर धार लावायला वेळ खातं. कार्बन स्टील काळं पडतं, पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो, पण चार घासण्यांत धार येते. बांधावर बसून धार लावणाऱ्याला दुसरंच आवडतं. आणि सगळ्यांची एक तक्रार सारखी होती: ग्राइंडरवर धार लावून घेतली की पातं तापतं, पोलादाचं पाणी उतरतं, आणि मग धार टिकत नाही.

फ्रान्सच्या सव्वा भागातली ओपिनेल कंपनी बघा. 1890 पासून जवळजवळ तोच चाकू: लाकडी मूठ आणि घडी होणारं पातं. 1955 मध्ये पातं अडकवायची फिरती कडी आली, हा मोठा बदल. मापांना नंबर दिलेत. कार्बन हवं की स्टेनलेस, ते तुम्ही ठरवा. गिऱ्हाईक म्हणतं, आठ नंबर द्या. आपण मात्र पहिल्याच दिवशी चाळीस डिझाइन भरतो.

उलटं उदाहरण रामपूरचं. तिथल्या कारागिरांचा हात चांगला, पण खटक्याच्या चाकूला हिंदी सिनेमाने गुंडाच्या हातात दिलं आणि नाव तिथेच चिकटलं. 2023 मध्ये शहराने मोठा चाकू उभारून चाकू चौक केला, तरी रामपुरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं?

कायद्याचं नीट लक्षात ठेवा. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या धारदार शस्त्राला परवाना लागतो. घरगुती आणि शेतीकामाच्या हत्यारांना यातून सूट आहे. शिवाय सणावारी, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली हत्यार बाळगायला बंदीचे आदेश निघतात. म्हणून पोलीस ठाण्यात जाऊन विचारून घ्या, बिलावर "कलमाचा चाकू" असं काम लिहा, आणि खटक्याचा माल कितीही मागणी आली तरी ठेवू नका. मी अठराच्या आतल्याला चाकू देत नाही, वडिलांना घेऊन ये म्हणतो.

आता माझ्याकडे दोनच प्रकार आहेत, कलमाचा आणि गुटीचा. आमच्याच भागातला लोहार करून देतो. एका वेळी दहाच घेतो, 120 प्रमाणे 1,200 रुपये, विक्री 180. फायदा नगामागे 60. डोळ्यात भरणारा आकडा नाही, पण दहा संपले की पुढचे दहा, पैसा अडकत नाही. दगडावर हाताने धार लावायचे 20 रुपये घेतो. धारेला आलेला माणूस हायपोक्लोराइट, कलमपट्टी, कधी कात्रीची स्प्रिंग घेऊन जातो. स्टेटसला आता चाकूचा फोटो नसतो, फुटलेल्या कलमाचा असतो.

उरलेले 33 होलसेलरने परत घेतले नाहीत. खरेदी भावात काढत काढत 19 राहिलेत, काउंटरखालच्या खोक्यात आहेत. तुम्ही नवीन माल भरणार असाल तर त्याआधी वही घेऊन वीस गिऱ्हाइकांना विचारा: खिशात काय आहे, ते कशाला वापरता, आणि त्यात काय खटकतं. किंमत त्या दिवशी विचारू नका.