खाडीपलीकडची वाट

मुंबई ही दक्षिणोत्तर पसरलेली चिंचोळी नगरी. कचेऱ्या बहुतेक दक्षिण टोकास आणि वस्ती उत्तरेकडे. त्यामुळे सकाळी सारी गर्दी एकाच दिशेने लोटत असे. १९६४ साली महापालिकेने शहराच्या विकासाचा आराखडा प्रसिद्ध करून नागरिकांच्या सूचना मागविल्या. तेव्हा चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी सुचविले की, खाडीच्या पूर्वेस नवे शहर वसवावे, म्हणजे गर्दीचा ओघ विभागेल. शासनास ही सूचना पटली. १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली. १९७३ साली वाशीचा पूल खुला झाला आणि १९९२ साली आगगाडी वाशीस पोहोचली.

परंतु नव्या शहराच्या जागी भातशेते व मिठागरे होती. योग्य मोबदल्यासाठी तेथील शेतकऱ्यांना झगडावे लागले. १९८४ साली जासई परिसरातील आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे शासनाने मान्य केले.

वाट आखणाऱ्याने नकाशा पाहावा, तशीच त्या वाटेवरची माणसेही पाहावीत. सूचना मागविण्याचे खरे प्रयोजन हेच होय.