भातावरील करपा : बुरशीच्या जनुकांचे वेळापत्रक

भाताच्या रोगांमध्ये करपा हा अत्यंत नुकसानकारक रोग होय. प्रथम पानांवर दोन्ही टोकांस निमुळते, मध्ये राखी व कडेस तपकिरी असे ठिपके पडतात. हीच बुरशी पुढे लोंबीच्या मानेवर बसली म्हणजे मान काळी पडून मोडते आणि लोंबीत दाण्यांऐवजी पळिंज राहते. त्या वेळेपर्यंत बियाणे, खत व लावणीची मजुरी हा सर्व खर्च होऊन गेलेला असतो, आणि पदरात केवळ पेंढा पडतो.

ठिपके दिसू लागले की औषधासाठी धावपळ सुरू होते. परंतु ठिपका ही रोगाची सुरुवात नव्हे. पानाच्या आत बुरशीने चार-पाच दिवस केलेल्या कामाचा तो परिणाम असतो. हे काम कोणत्या क्रमाने चालते हे समजले, तर उपाय केव्हा योजावा हेही आपोआप समजते.

जनुकांचे नियंत्रण म्हणजे काय

पेशीत कोणते द्रव्य कसे तयार करावयाचे याच्या सूचना जनुकांत साठविलेल्या असतात. करप्याच्या बुरशीची, म्हणजे पिरिक्युलेरिया ओरायझीची, संपूर्ण जनुकमाला २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ११,००० जनुके आढळली. ही सर्व जनुके एकाच वेळी काम करीत नाहीत. शेतकऱ्याच्या घरी नांगर व विळा बाराही महिने असतात, परंतु चिखलणीच्या वेळी कोणी विळा बाहेर काढीत नाही. तद्वतच, योग्य प्रसंगी योग्य जनुक चालू होणे व काम संपताच बंद होणे, यास जनुकांचे नियंत्रण म्हणतात. करप्याच्या बुरशीचे बळ या वक्तशीरपणात आहे.

पानावरील पहिली रात्र

या बुरशीचा बीजाणू तीन पेशींचा व पेरूच्या आकाराचा असतो. दवाने भिजलेल्या पानावर तो टोकातील चिकट द्रव्याने घट्ट बसतो व सुमारे दोन तासांत त्यास अंकुरनलिका फुटते. पृष्ठभाग कठीण आहे व पाणी धरून ठेवीत नाही, ही खूण पटताच पेशीत संदेशांची साखळी सुरू होते. प्रयोगशाळेत भाताचे पान नसतानाही, तशाच गुणाच्या प्लॅस्टिकवर हा प्रकार घडतो. यावरून बुरशी प्रथम पृष्ठभाग ओळखते हे स्पष्ट होते.

या साखळीतील एक प्रमुख दुवा म्हणजे पीएमके-१ नावाचे जनुक. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९९६ साली हे जनुक निकामी करून पाहण्यात आले. अशी बुरशी वाढू शकली, पण पानात शिरण्यास लागणारी घुमटाकार पेशी तिला तयार करता आली नाही आणि रोगही झाला नाही. पीएमके-१ च्या हुकमतीखाली एमएसटी-१२ हे दुसरे जनुक आहे. त्याचे काम अन्य जनुके चालू करण्याचे आहे. ते निकामी केल्यास घुमट तयार होतो, परंतु पानाची त्वचा भेदता येत नाही. अशा रीतीने एक जनुक दुसऱ्यास व दुसरे अनेकांस कामास लावते.

घुमटाच्या भिंतीत काळे द्रव्य साठते व आत ग्लिसरॉल जमते. त्यामुळे पाणी आत ओढले जाऊन दाब वाढतो. हा दाब १९९१ साली मोजला गेला, तेव्हा तो सुमारे ८० वातावरणे, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या सुमारे ४० पट भरला. या दाबाच्या जोरावर बुरशी पानाची त्वचा भेदते.

आत शिरल्यानंतर

आत शिरताच जनुकांचा दुसरा संच चालू होतो. एरवी बंद असलेली ही जनुके भाताची प्रतिकारशक्ती दुबळी करणारी प्रथिने तयार करतात. बुरशी सुरुवातीस जिवंत पेशीतच वाढते, म्हणून बाहेर काहीच दिसत नाही. एका पेशीतून शेजारच्या पेशीत जाण्यासही पीएमके-१ लागते, असे २०१८ साली सिद्ध झाले. शेवटी पेशी मरतात व ठिपका दिसतो. अशा एका ठिपक्यावरून एका रात्रीत हजारो बीजाणू सुटू शकतात.

प्रतिकारक जातीतील जनुक बुरशीचे एखादे प्रथिन ओळखून रोपास सावध करते. परंतु त्या प्रथिनाचे जनुक बुरशीने बदलले अथवा गमावले, तर तीच जात पुढे रोगास बळी पडते. म्हणून एकाहून अधिक प्रतिकारक जनुके एकत्र आणण्याकडे पैदासकारांचा कल आहे. २०२१ साली प्रसारित झालेल्या पुसा बासमती १८४७ या जातीत करप्याविरुद्धची पीआय-२ व पीआय-५४ ही दोन जनुके आहेत.

शेतकऱ्यांनी काय करावे

१) पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे बुडवावे. वर तरंगणारे हलके व रोगट बी काढून टाकावे. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे.

२) नत्र खत एकदम देऊ नये. माती परीक्षणानुसार मात्रा ठरवून ती हप्त्यांनी द्यावी. जादा युरियाने पीक हिरवेगार दिसते, परंतु करप्यास अधिक बळी पडते.

३) रात्री थंड, आभाळ ढगाळ व पाने सकाळी उशिरापर्यंत ओली राहत असतील, तर तरवा व खाचरे रोज पाहावीत. वर वर्णिलेली पहिली रात्र अशाच हवेत येते.

४) ट्रायसायक्लॅझोलसारखे औषध घुमटातील काळे द्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणजे बुरशीचा शिरकाव रोखते. आत शिरलेल्या बुरशीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून फवारणी पहिले तुरळक ठिपके दिसताच करावी. मानेच्या रक्षणासाठी ती पीक पोटरीत असताना व लोंबी बाहेर पडू लागताच करावी. चालू हंगामात मान्य असलेले औषध व त्याचे प्रमाण तालुका कृषि अधिकाऱ्यांकडून जाणून घ्यावे.

५) सर्व शेतात वर्षानुवर्षे एकच जात लावू नये. रोगट पेंढा व बांधावरील गवत यांचा वेळीच बंदोबस्त करावा.

बुरशीची प्रत्येक हालचाल ठरल्या वेळी होते. तिची वेळ ओळखून शेतकऱ्याने आपली वेळ साधली, तर लोंबी दाण्यांनी भरलेली घरी येईल.