शेततळ्यात मासे सोडण्याआधी पाण्याचे महिने मोजा



शेततळे झाले की पहिला प्रश्न येतो, 'साहेब, यात मासे सोडू का?' श्रावणात भरलेले तळे फाल्गुनापर्यंत निदान पाच फूट पाणी धरत असेल, तर जरूर सोडा. धरत नसेल, तर बियाण्याचे पैसे पाण्यात घालू नका.

आपली वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून निघून तापीला जाते. फर्दापूर भागात उन्हाळ्यात हाती राहते ते साठवलेले पाणीच. भर उन्हात तळ्यातले रोज सुमारे १ सेंटीमीटर पाणी नुसते उडून जाते, म्हणजे महिन्याला एक फूट. वर उसाला मोटर चालूच! म्हणून किती पाणी उसाचे आणि किती माशांचे, हे आषाढातच ठरवा आणि तळ्याच्या काठावर रंगाने तशी खूण करा. खुणेखाली पाणी आले की मासे काढायचे, मोह धरायचा नाही.

जाती तीन घ्याव्यात. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. त्यामुळे एकाच पाण्यात तिघांचे भागते. पूर्वी यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन साधले, तेव्हापासून बीज केंद्रावर तयार होऊ लागले.

दहा गुंठ्यांच्या तळ्याला ५०० बोटुकली पुरे. मत्स्यजिरे स्वस्त पडते, पण त्यातले फार थोडे जगते. बीजाची पिशवी अर्धा तास तळ्यात तरंगू द्या, मगच तोंड सोडा. शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा समभाग घेऊन माशांच्या वजनाच्या २ ते ३ टक्के रोज द्यावा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर प्राणवायू कमी पडला असे समजा. खाद्य थांबवून ताजे पाणी सोडा. कपाशीच्या फवारणीचा पंप तळ्यात कधीही धुऊ नका.

विक्रीचेही आधीच बघा. लेण्यांमुळे फर्दापुरात खानावळी आहेत. सगळा माल एकाच दिवशी काढला तर भाव पडतो. मोठे मासे आधी, थोडे थोडे काढा.

ऊस हे आपले मुख्य पीक आहे. मासे हा त्याच पाण्यावरचा जोडधंदा आहे. पाण्याचा हिशेब जमला तरच तो परवडेल.

– ऊस विकास अधिकारी