आधी पॅडल, मग मोटार

बेटा, इलेक्ट्रिक सायकल घेतलीस, चांगलं केलंस. दुकानदारानं सांगितलं ते पाळच, पण त्यानं सांगितलं नाही ते माझ्याकडून ऐक. मी चाळीस वर्षं मौद्यात शेतपंपाच्या मोटारींचं रिवाइंडिंग केलं. तुझ्या मागच्या चाकातली मोटार त्यांचीच धाकटी बहीण आहे.

पंपाला थ्री फेज खांबावरून येतो. तुझ्या सायकलला तो कंट्रोलर घडवून देतो. बॅटरीतून सरळ डीसी निघतो, कंट्रोलर तो तीन जाड वायरींत आळीपाळीनं सोडतो आणि त्या तालावर चाकातली चुंबकं फिरतात. सोबतच्या बारीक वायरी चुंबक कुठवर आलं ते कंट्रोलरला कळवतात. म्हणून सायकल थरथरायला लागली, झटके द्यायला लागली, तर मोटार जळाली असं धरून चालू नकोस. पंपाचा एक फेज गेला की तो नुसता गुणगुणतो, पाणी देत नाही, हे तू लहानपणी पाहिलं आहेस. इथंही तसंच असतं. आधी वायरीचे जोड बघायचे. चाकात मोटार बसवायची कल्पना नवी नाही. ऑग्डेन बोल्टन नावाच्या अमेरिकन माणसानं १८९५ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं.

आता पहिली गोष्ट लक्षात ठेवजो. उभ्या सायकलवर एक्सिलेटर पिळायचा नाही. पंपाची मोटार सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून तर तिला स्टार्टर लावतो. थांबलेली कुठलीही मोटार अशीच भुकेली असते. आधी दोन-तीन पॅडल मार, चाक फिरू दे, मग मोटारीची मदत घे. चढावर तर पाय थांबवूच नकोस. बॅटरी ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तास असेल तर तिच्यात साधारण २८० वॉट-तास मावतात, म्हणजे पाव युनिटाहून थोडी जास्त वीज. एवढ्या विजेवर पायाची जोड देत पंचवीस-तीस किलोमीटर होतात. चाकात हवा कमी असली की त्यातले बरेच वाया जातात. आणि मे महिन्यात नागपूरकडं तोंड केलं की वारा बहुतेक समोरूनच असतो. हिशेब नेहमी परतीचा करावा.

खरी काळजी आहे ती आपल्या तपनीची. मौद्याचा उन्हाळा तुला ठाऊक आहे. पारा ४५ ओलांडतो, आणि टिनाच्या शेडखाली त्याहून कितीतरी जास्त. लिथियमच्या सेलला ४५ अंशांच्या वर चार्जिंग मानवत नाही. दुपारी घरी आलीस की हात लावून बघ, बॅटरीची पेटी तापलेली असते. तशीच चार्जरला लावायची नाही. काढून आत आण, फरशीवर ठेव, तासभर निवू दे. संध्याकाळी लाव, झोपायच्या आधी काढ. गादीवर, पडद्याजवळ, दाराच्या वाटेत चार्जिंग नको. आग लागली तर बाहेर पडायची वाट मोकळी पाहिजे. सुट्टीत महिनाभर सायकल उभी राहणार असेल तर बॅटरी भरून ठेवू नकोस आणि रिकामीही नको. निम्म्याच्या आसपास ठेव. भरलेली बॅटरी आणि उष्णता या दोन गोष्टी एकत्र आल्या की तिचं आयुष्य सगळ्यात लवकर सरतं.

चार्जर फक्त तिचाच. ३६ व्होल्टची बॅटरी ४२ व्होल्टला पूर्ण भरते. पिन बसली म्हणून शेजाऱ्याचा ४८चा चार्जर लावलास तर घात होईल. पेटी फुगली, गोडसर वास आला, न वापरताही गरम लागली, की चार्जिंग बंद करून ती घराबाहेर मोकळ्या जागी ठेव आणि दुकानदाराला बोलाव. कचऱ्यात तर कधीच टाकायची नाही. २०२२च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे.

पंक्चरचं माझ्या अंगावर आलेलं सांगतो. मागल्या वर्षी शेजारच्या पोराची सायकल मी स्वतः उघडली. बाभळीचा काटा होता, साधं काम. चाक ओढलं, आणि मोटारीची वायर आसाजवळून ताणली गेली. जोड सोडायचा विसरलो होतो. दोन बारीक वायरी तुटल्या, पोराची सायकल आठवडाभर बंद. म्हणून पंक्चरवाल्याला आधी सांग: जोड सोडा, वॉशरची दिशा ध्यानात ठेवा, आसाचे नट पक्के आवळा. मोटार चाक फिरवते तेव्हा आस उलटा फिरू पाहतो. नट ढिला असला तर आस वायरच पिळून टाकतो. पावसाळ्यात हीच वायर आसात शिरण्याआधी थोडी खाली झोळ देऊन सोड, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला ठिबकतं, मोटारीत जात नाही. धुताना प्रेशरची नळी चाकावर मारू नकोस.

कायदा सोपा आहे. मोटार २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत, तर नंबर प्लेट आणि लायसन्स लागत नाही. दुकानदाराकडून तसं प्रमाणपत्र मागून घे. कुणी म्हणेल, एक वायर काढतो, चाळीसनं पळेल. ऐकू नकोस. मग ती सायकल राहत नाही, आणि ब्रेक तर सायकलचेच असतात. हेल्मेट मात्र कायद्यात नसलं तरी घाल. भंडारा रोडवर ट्रकवाल्याला तुझा आवाज येत नाही. सर्व्हिस रोड असेल तिथं तोच धर, अंधार पडायच्या आत मागचा लाल दिवा लाव.

पुढच्या खोलीतला सॉकेट मी काल बदलला, अर्थिंगही तपासलं. चार्जर तिथंच लाव.