उद्दालकांचे मीठ, वडाचे बी आणि आपली मुगाची वाटी



स्वाध्याय मंडळात विज्ञानाचा विषय निघाला की काही प्रश्न हमखास येतात. मंत्र म्हणून ठेवलेल्या पाण्याने रोप जास्त वाढते का? झाडाला आपल्या मनातले कळते का? पाण्याला स्मृती असते का? विचारणारे बहुतेक जण पदार्थविज्ञान शिकलेले नसतात. कोणी बँकेतून निवृत्त झालेले असतात, कोणी घर सांभाळणाऱ्या, कोणी गच्चीवर चार कुंड्या लावणारे. ही जिज्ञासा शुभ आहे. तिला हसू नये, आणि मोबाईलवर आलेल्या पहिल्याच उत्तराने तिचे समाधानही करून टाकू नये.

आजच्या पाठासाठी छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय घेऊ. श्वेतकेतू बारा वर्षे गुरुगृही राहून, सगळे वेद पाठ करून चोविसाव्या वर्षी घरी येतो. विद्येचा ताठा चेहऱ्यावर दिसतो. वडील उद्दालक आरुणी त्याला ब्रह्मविद्या सांगतात, पण ती सांगताना ते त्याच्याकडून काय काय करून घेतात इकडे आपले लक्ष फारसे जात नाही. मन अन्नाचे बनलेले आहे आणि प्राण पाण्याचा, हे त्यांनी नुसते सांगितले नाही. पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवे तेवढे पी, असे सांगितले. सोळाव्या दिवशी मुलाला वेद म्हणायला लावले, एकही ऋचा आठवेना. मग जेवायला पाठवले, आणि सगळे आठवले. (हा प्रयोग कोणी घरी करू नये. विशेषतः मधुमेही आणि वयस्क साधकांनी तर मुळीच नाही.)

पुढे वडाचे फळ आणून फोडायला सांगितले. आत बारीक बिया. त्यातली एक फोड. काय दिसते? काहीच नाही. मग रात्री पाण्यात मीठ टाकायला सांगितले आणि सकाळी तेच मीठ परत मागितले. हाताला लागेना. वरून चाख, मधून चाख, तळातून चाख. सगळीकडे खारट.

इथे थोडे थांबा. उद्दालकांनी श्वेतकेतूला प्रत्येक वेळी विचारले की काय दिसते, आणि त्याने दिसले तेच सांगितले. बी फोडल्यावर ‘आत तेज दिसले’ असे तो वडिलांना खूश करण्यासाठी म्हणाला नाही. ‘काही दिसत नाही’ हे खरे उत्तर मिळाले म्हणूनच पुढचा उपदेश शक्य झाला. दुसरे असे की डोळ्यांनी जे सापडले नाही ते जिभेला सापडले. ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा तिला जुळणारे साधन लागते.

हे दोन धडे हाताशी ठेवून आता पाणी आणि झाडांकडे येऊ.

सतराव्या शतकात आजच्या बेल्जियमच्या भागात व्हान हेल्मोंट नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांनी एका कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून घेतली आणि सव्वादोन किलो वजनाचे विलोचे रोप त्यात लावले. पाच वर्षे फक्त पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी घातले. धूळ पडू नये म्हणून कुंडीवर भोके पाडलेले पत्र्याचे झाकणही ठेवले. पाच वर्षांनी झाड भरले सुमारे ७७ किलो, आणि मातीचे वजन कमी झाले जेमतेम ५५-६० ग्रॅम. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पूर्णपणे पाण्याचे बनते. मोजमाप उत्तम, निष्कर्ष अपुरा. झाडाच्या कोरड्या वजनाचा फार मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून, सूर्यप्रकाशाच्या मदतीने तयार होतो. गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्द याच हेल्मोंट यांनी रूढ केला, आणि कोळसा जळताना निघणारा हाच वायू त्यांना माहीत होता! प्रामाणिकपणे तोलूनही, ज्याचा विचारच मनात आला नाही ते तराजूने दाखवले नाही.

आपल्याकडे या विषयात पहिले नाव येते आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे. लाजाळूसारख्या वनस्पतींमध्ये स्पर्श, उष्णता किंवा विष यांना विद्युत प्रतिसाद मिळतो हे त्यांनी अतिशय नाजूक उपकरणांनी दाखवले. वाढ हजारो पटींनी मोठी करून नोंदवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी बनवला. १९२० साली लंडनमध्ये या उपकरणावर शंका घेतली गेली, तेव्हा त्यांनी वैज्ञानिकांसमोर प्रयोग करून दाखवला आणि उपकरण खरोखर वाढच नोंदवते याची त्यांच्याकडून जाहीर ग्वाही मिळाली. १९१७ मध्ये कोलकात्यात स्वतःची संस्था उभारताना ते तिला मंदिर म्हणाले. पण झाडात रस वर कसा चढतो याविषयीचा त्यांचा सिद्धांत, म्हणजे आतल्या पेशी ठोक्यांनी रस वर ढकलतात हा, टिकला नाही. पानांतून पाण्याची वाफ होते आणि एकमेकांना घट्ट धरून असलेले पाण्याचे रेणू अखंड दोऱ्यासारखे वर ओढले जातात, हे आज मान्य आहे. कॅलिफोर्नियातल्या शंभर मीटरहून उंच रेडवूडच्या शेंड्यावर पाणी असेच पोहोचते, आणि तेही पंपाशिवाय. बोस यांचा हा एक सिद्धांत मागे पडला म्हणून त्यांचे ऋषित्व उणावत नाही. ‘झाडाला भावना असतात हे बोस यांनी सिद्ध केले’ असे मात्र आपण व्यासपीठावरून म्हणू नये. त्यांनी सिद्ध केला तो प्रतिसाद.

दोन उदाहरणे आपल्या सत्संगांत वारंवार ऐकू येतात. १९६६ मध्ये अमेरिकेतले क्लीव्ह बॅक्स्टर यांनी घरगुती रोपाला लाय डिटेक्टर जोडला आणि रोपाला माणसाचे विचार कळतात असा दावा केला. १९७५ पर्यंत इतरांनी काळजीपूर्वक तसेच प्रयोग करून पाहिले, त्यांना तसे काही आढळले नाही. दुसरे उदाहरण जपानच्या मासारू इमोतो यांच्या पाण्याच्या स्फटिकांच्या छायाचित्रांचे. ती छायाचित्रे सुंदर आहेत यात वाद नाही. पण अनेक स्फटिकांतून कोणता दाखवायचा हे माणूस निवडत होता, आणि बर्फाचा स्फटिक कोणता आकार घेईल हे तापमान आणि आर्द्रतेवर ठरते, असे जपानच्याच उकिचिरो नाकाया यांनी १९३० च्या दशकात प्रयोगशाळेत हिमस्फटिक वाढवून दाखवले होते. द्रव पाण्यात रेणूंमधले बंध एका सेकंदाच्या अब्जांशापेक्षाही कमी वेळात तुटतात आणि नव्याने जुळतात. शब्द साठवून ठेवायला तिथे काही स्थिर राहतच नाही.

यावर इतके लिहिण्याचे कारण आहे. कोणी साधक भोळेपणाने गोळ्या सोडून अभिमंत्रित पाण्यावर साखर आटोक्यात ठेवू पाहतो, तेव्हा चुकीच्या दाव्याची किंमत त्याचे शरीर मोजते. आणि महाविद्यालयात विज्ञान शिकणारी आपलीच मुले एक दावा खोटा ठरलेला पाहतात, तेव्हा त्यासोबत ध्यान, जप, सेवा सगळेच बाजूला ठेवतात. यमांमध्ये अहिंसेच्या पाठोपाठ सत्य येते, ते दाव्यांनाही लागू आहे.

मग मंत्राच्या पाण्याचा प्रयोग करायचाच नाही का? जरूर करा, पण उद्दालकांच्या रीतीने. मूग घ्या, एकाच पिशवीतले. चांगले मिसळून, निवड न करता, पन्नास-पन्नास दाण्यांच्या सहा वाट्या करा. पहिल्या फेरीत सहाही वाट्यांना साधेच पाणी द्या, सारखेच मोजून, एकाच जागी ठेवून. तिसऱ्या दिवशी मोड पट्टीने मोजा. सहा वाट्यांची सरासरी सारखी येणार नाही, हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. हा नैसर्गिक फरक वहीत लिहून ठेवा.

दुसऱ्या फेरीत एकाच नळाचे पाणी दोन सारख्या तांब्यांत घ्या. एकावर जप होईल, दुसरा तेवढाच वेळ शेजारच्या खोलीत राहील. कोणता तांब्या कोणता हे फक्त एका व्यक्तीला माहीत असावे. तीच व्यक्ती तीन वाट्यांना लाल आणि तीन वाट्यांना पांढरा दोरा बांधेल, आणि मोजायला बसणार नाही. मोजणाऱ्याला दोऱ्याचा अर्थ कळता कामा नये, कारण आवडत्या वाटीतला वाकडा मोड आपण नकळत जरा ताणूनच मोजतो. काय घडले तर ‘होय’ आणि काय घडले तर ‘नाही’ म्हणायचे, हे आधी लिहून सही करा. आलेला फरक पहिल्या फेरीतल्या फरकाएवढाच असेल, तर ‘फरक दिसला नाही’ असे लिहा. इंदूरच्या जानेवारीत मोड सावकाश येतात, नागपूरच्या मे महिन्यात झपाट्याने, म्हणून दोन गावांच्या वाट्यांची तुलना नको.

‘नाही’ उत्तर आले तर जप वाया गेला का, असे एखादी ताई विचारतील. जपाचे क्षेत्र जप करणाऱ्याचे मन आहे. तुळशीला रोज पाणी घालणारी आजी तुळशीची उंची मोजत नव्हती. उद्दालकांनीही मीठ आत्म्याचा पुरावा म्हणून दाखवले नाही. सूक्ष्म गोष्ट डोळ्यांआड असूनही सर्वत्र असू शकते हे समजावे म्हणून दाखवले, आणि पुढचा शोध मुलाच्या स्वतःकडे वळवला. मोड मोजताना ‘लाल दोरा जिंकू दे’ अशी इच्छा मनात उठते, ती उठताना पाहणारा कोण आहे? हा प्रश्न पट्टीने मोजता येत नाही, पण त्याच वाटीसमोर बसून विचारता येतो.

म्हणून या पंधरवड्यात वहीला दोन पाने ठेवा. डाव्या पानावर मोडांची लांबी आणि न उगवलेल्या दाण्यांची संख्या, उजव्या पानावर मोजताना मनात काय आले ते. पुढच्या स्वाध्यायाला दोन्ही पाने घेऊन या. ज्यांच्या वाटीत बुरशी आली त्यांनीही यावे.