पंपाची वही



शाहूवाडीच्या डोंगरवाड्यांवर पाण्याची मोटर जळली, की आयाबहिणींच्या डोक्यावर पुन्हा हंडे येतात. म्हणून पंप चालवणाऱ्या मुलांना मी पहिला धडा वहीचा देतो: रोज व्होल्टेज आणि तिन्ही फेजचे अँपिअर लिहा.

थ्री-फेज मोटर 415 व्होल्टवर चालते. व्होल्टेज घटले तरी पाणी तेवढेच चढवायचे असते. मग मोटर जादा करंट ओढते. करंट 20 टक्के वाढला, तर वाइंडिंगच्या तारांत उष्णता 44 टक्के वाढते. मोटर सतत 10 अंश जास्त तापली, तर इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते. एखाद्या फेजचा आकडा फार वेगळा दिसला, तर मोटर लगेच बंद करा.

पंप देणगीतून येतो; टिकतो तो वहीमुळे.