लेबल : एका नोंदीच्या अनेक ओळखी

बुलढाणा जिल्ह्यात 13 तालुके आहेत. प्रत्येक गाव एकाच तालुक्यात मोडते व त्याचे दप्तर त्याच तालुक्याच्या गठ्ठ्यात बांधले जाते. परंतु पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा तालुक्याच्या सीमा जाणत नाही. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतील अनेक गावांचे भूजल खारे आहे. अशा गावांची एकत्र यादी हवी असल्यास सारे गठ्ठे सोडावे लागतात. मात्र प्रत्येक गावाच्या नोंदीवर 'तालुका : शेगाव', 'भूजल : खारे' अशा चिठ्ठ्या लावल्या, तर गठ्ठा न हलवता हवी ती गावे निवडता येतात.

मोठ्या संगणक व्यवस्थेतही हेच तत्त्व उपयोगी पडते. आज्ञावली व तिला लागणारी सामग्री एकत्र बांधून चालविली जाते, तिला कंटेनर म्हणतात. अनेक संगणकांच्या समूहावर असे शेकडो कंटेनर चालविण्यासाठी 'कुबर्नेटिस' ही प्रणाली वापरतात. गूगलने ती 2014 मध्ये सर्वांस खुली केली. या समूहात एखादा कंटेनर हटवून त्याच्या जागी नवा उभा केला की बहुधा त्याचे नावही बदलते. म्हणून नावांची यादी ठेवणे व्यर्थ ठरते. निवड लेबलावरूनच करावी लागते.

लेबलाचे दोन भाग असतात : शीर्षक आणि मूल्य. 'विभाग' हे शीर्षक, 'पाणीपुरवठा' हे मूल्य. निवड दोन प्रकारे होते. मूल्य अमुक आहे किंवा नाही, हा पहिला प्रकार. मूल्य दिलेल्या यादीपैकी एक आहे किंवा नाही, हा दुसरा. अनेक अटी एकत्र दिल्यास त्या सर्व पूर्ण व्हाव्या लागतात.

येथे अक्षराची चूक महाग पडते. लेबलाचे मूल्य रोमन अक्षरांतच लिहावे लागते. देवनागरी चालत नाही. बुलढाण्याचे नाव रोमन लिपीत 'एच' घालून व न घालता असे दोन्ही प्रकारे लिहितात. माणसाला ते एकच गाव. यंत्राला मात्र दोन. नागरिकांचे अर्ज एका लेबलाच्या कंटेनरकडे पाठविण्याची योजना असेल व कंटेनरवर दुसरे लेबल असेल, तर त्याच्याकडे एकही अर्ज पोहोचत नाही. यंत्र ही चूक दाखवून देईलच असे नाही.

याहून मोठा धोका नष्ट करण्याच्या आज्ञेत आहे. लेबलावरून दिलेली ही आज्ञा जुळणाऱ्या सर्व वस्तूंना लागू होते. म्हणून तीच अट घालून प्रथम यादी पाहावी, ती तपासावी आणि मगच आज्ञा द्यावी.

लेबले किती असावीत, यापेक्षा ती सर्वांनी एकसारखी लिहावीत, हे अधिक अगत्याचे आहे. शीर्षके व मूल्ये यांचा तक्ता कामास आरंभ करण्यापूर्वीच ठरवावा. कार्यालयाचे दप्तर असो वा यंत्रांचा समूह, शिस्त प्रथम माणसाने पाळावयाची असते.